उणे सत्त्याण्णव म्हणजे नेमकं किती?

वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या आणि महाविद्यालयांच्या इमारती मागे पडल्या की वावरं सुरू होतात. पावसाळ्यात तिथे पऱ्हाटी, तूर, सोयाबीन; एप्रिल-मेमध्ये नुसती भेगाळलेली काळी जमीन. बिनतारी यंत्रांचा अभ्यास करणाऱ्याला ही जागा फार सोयीची आहे. एका हाताला जाड भिंती, लिफ्ट, क्ष-किरण विभागाचं शिसं. दुसऱ्या हाताला उघडं रान. गच्चीवर निरोप घेणारा गेटवे बसवावा, धुऱ्याजवळ मातीतली ओल मोजणारा नोड रोवावा आणि त्याच्या प्रत्येक निरोपासोबत रेडिओ-चिप जो आकडा देते तो वहीत टिपत जावा. समजा, सप्टेंबरात तो आकडा उणे ९७ आला आणि पीक निघाल्यावर, एप्रिलमध्ये, त्याच जागी उणे ९१. सहा डेसिबलचा फरक, म्हणजे शक्ती चौपट. पिकाने संकेत अडवला होता, असा निष्कर्ष आपोआप निघतो. अहवालात आलेख जातो, त्यावर सही होते.

पण मधल्या सात महिन्यांत बदललं ते फक्त पीकच का? हवा दहा-बारा अंशांनी तापली. बॅटरी बदलली. झाकण काढून लावताना अँटेना जराशी वाकली. कदाचित नोडच बिघडला आणि त्याच्या जागी 'तसाच' दुसरा लागला. चिपने दोन्ही वेळा एकाच मापाने मोजलं का, हे कोणी विचारलंच नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे. १ गिगाहर्ट्झच्या खाली चालणाऱ्या स्वस्त रेडिओ-चिप संकेताची ताकद सांगतात ती कितपत खरी असते, ती खरी व्हावी म्हणून काय करावं लागतं, आणि तेवढे कष्ट घेण्याची गरज कुठे नसते, हे तीन धागे धरून पुढे जाऊ.

वर्धा-हिंगणघाटकडे कापूस विकायला नेणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा वाटणार नाही. काट्यावर गाडी चढवण्याआधी त्या काट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का आहे ना, हे तो बघतो. काटा आकडा नेहमीच दाखवतो. प्रमाणित वजनं ठेवून तो तपासलेला असेल तरच त्या आकड्याला वजन म्हणायचं. रेडिओ-चिपच्या आत जो आकडा तयार होतो त्याला 'आरएसएसआय' म्हणतात, आणि चिप कारखान्यातून येते तेव्हा तो बिनशिक्क्याच्या काट्याचा आकडा असतो. आमच्याकडचे, आणि आमच्याकडचेच नव्हे, असंख्य प्रकल्प तो शिक्क्याचा समजून पुढे जातात. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी मनापासून करतो आहे.

सामान्य माणसाची ओळख या मापाशी होते ती मोबाईलच्या काड्यांमधून. 'रेंज नाही', 'दोनच काड्या आहेत' हे आपण रोज म्हणतो. पण किती ताकदीला किती काड्या, याचा कुठलाही सार्वत्रिक नियम नाही. जो तो उत्पादक आपापलं सूत्र वापरतो. जुलै २०१० मध्ये अ‍ॅपल कंपनीने जाहीर पत्रात कबूल केलं की आयफोनचं काड्या दाखवण्याचं सूत्रच चुकलेलं होतं आणि कित्येकदा फोन खऱ्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवत होता. त्याआधीची तीन वर्षं लोक त्या काड्यांवर विसंबून होते. हौशी रेडिओवाल्यांनी आपल्या 'एस-मीटर'च्या बाबतीत निदान एक ठराव करून ठेवला: लघुलहरींवर एस-९ म्हणजे उणे ७३ डीबीएम, आणि प्रत्येक पायरी सहा डेसिबलची. ठराव चांगला आहे, पण बाजारातल्या किती संचांचे काटे तो पाळतात, हे त्यातलेच जुने लोक हताशपणे सांगतात.

डीबीएम हे एकक एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. १ मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम. दहा डेसिबल खाली गेलं की शक्ती एक दशांश होते. उणे ९० डीबीएम म्हणजे १ पिकोवॅट, वॅटचा एक लाख कोटीवा भाग. उणे १२० म्हणजे त्याच्याही एक हजारावा भाग. आणि तळ कुठे? साध्या तापमानाला प्रत्येक हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम इतका उष्णतेचा गोंगाट निसर्गतःच असतो. त्यातून सुटका नाही. १२५ किलोहर्ट्झ रुंदीचा संकेत ऐकायचा तर हा तळ उणे १२३ वर येतो, आणि चिपचा स्वतःचा गोंगाट ५-६ डेसिबल धरला की उणे ११७ च्या आसपास. म्हणजे एकच चिप उणे १२० पासून उणे २० पर्यंत, दहा अब्ज पटींच्या पट्ट्यात, मोजू पाहते. एकाच तराजूने मोहरीचा दाणा आणि कापसाने भरलेले ट्रकचे ट्रक तोलावेत, तसं हे काम आहे. इतक्या स्वस्त वस्तूला ते जमतं याचं मला आजही कौतुक वाटतं, आणि म्हणूनच तिच्यावर नको तो विश्वास टाकू नये असंही वाटतं.

भारतात हा विषय पसरला त्याला एक सरकारी कारण आहे. २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. १ वॅटपर्यंतचा प्रेषक कोणालाही वापरता येऊ लागला. २०२१ मध्ये तो पट्टा ८६८ पर्यंत वाढला. या वारंवारतेची लहर सुमारे ३४.६ सेंटिमीटर लांब असते. वायफायच्या लहरीपेक्षा ती झाडोरा आणि भिंती अधिक चांगल्या पार करते. शेतातले नोड, पाण्याच्या टाकीची पातळी, दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजचं तापमान, अशा कामांना हा पट्टा सोयीचा पडला आणि त्याबरोबर छोट्या चिपचं पीक आलं.

या चिपची पहिली पिढी ताकद सांगायची ती विजेच्या दाबाच्या रूपात. नॉर्वेच्या चिपकॉन कंपनीची सीसी१००० ही चिप बर्कलीच्या मायका-२ या प्रसिद्ध नोडवर होती. तिच्या एका पायावर येणारा दाब संकेत वाढला की कमी होत असे, आणि तो दाब मोजणारं परिमापक संदर्भ म्हणून बॅटरीचाच दाब धरत असे. परिणामी बॅटरी उतरली की संकेतच उतरल्यासारखा दिसे. ज्यांनी आकड्यांत बॅटरीच्या दाबाची दुरुस्ती केली नाही त्यांच्या वह्यांमध्ये पावसाचा, पिकाचा आणि बॅटरीचा परिणाम एकमेकांत कायमचा मिसळून गेला. आपण वर ज्या सप्टेंबर-एप्रिलची गोष्ट केली, तिचं हे जुनं रूप.

पुढच्या पिढीत सगळं आकड्यांत आलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीसी११०१ घ्या, आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या हातात सर्वांत जास्त फिरलेल्या चिपपैकी एक. अँटेनाकडून आलेला संकेत प्रवर्धकातून जातो, खालच्या वारंवारतेवर येतो, गाळला जातो, आकड्यांत बदलतो, आणि त्या क्षणी प्रवर्धन किती होतं हे लक्षात घेऊन चिप एक बाइट भरते. समजा त्यात २१० आले. त्यातून २५६ वजा करा, निम्मे करा, आणि आणखी ७४ वजा करा: उणे ९७ डीबीएम. हे ७४ कुठून आले? कंपनीच्या माहितीपत्रकातून, आणि तिथे त्याच्या डोक्यावर 'टिपिकल' असं लिहिलेलं आहे. टिपिकल म्हणजे त्यांच्या टेबलावर, त्यांच्या सर्किटच्या पाटीवर, त्यांच्या खोलीच्या तापमानाला साधारण जे आलं ते. तुमच्या हातातल्या चिपचं ते असेलच असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नाही. बाइटमध्ये अर्ध्या डेसिबलची पायरी आहे म्हणून माप अर्ध्या डेसिबलपर्यंत अचूक आहे, असं समजणं ही या क्षेत्रातली सर्वांत पसरलेली चूक. मिलिमीटरच्या रेघा असलेली पट्टीसुद्धा टोकाला झिजलेली असू शकते.

सेमटेकची एसएक्स१२७६ ही लोरा पद्धतीची चिप आणखी एक खळगा दाखवते. तिला वरच्या आणि खालच्या वारंवारतांसाठी दोन वेगळी दारं आहेत. ८६५ मेगाहर्ट्झसाठी वाचलेल्या आकड्यातून १५७ वजा करायचे, ४३३ मेगाहर्ट्झच्या दारासाठी १६४. कोणी एका पाटीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर चढवला की सगळी मापं सात डेसिबलने सरकतात आणि यंत्र तक्रारही करत नाही. शिवाय लोराचा संकेत गोंगाटाच्या खाली बुडूनही वाचता येतो, सर्वांत संथ गतीला २० डेसिबलपर्यंत खाली. अशा वेळी चिप जी ताकद सांगते ती गोंगाटाची असते. उणे १३७ चा निरोप आला तरी वहीत उणे ११७ च पडतं, जर संकेत-गोंगाट गुणोत्तराची दुरुस्ती केली नाही तर. ही दुरुस्ती करायला कंपनीने सांगितलेलं आहे. ती न करणारी उदाहरणं मात्र गल्लोगल्ली आहेत.

ही अडचण फक्त लोराची नाही. कुठलीही चिप संकेत आणि गोंगाट यांची बेरीज मोजते. तळ उणे ११७ असताना उणे १२० चा संकेत आला तर यंत्र उणे ११५ च्या आसपास दाखवणार, म्हणजे खऱ्यापेक्षा पाच डेसिबल जास्त. जिथे माप सर्वांत महत्त्वाचं असतं, म्हणजे जोडणी तुटायच्या सीमेवर, नेमकं तिथेच ते सर्वांत जास्त फसवतं.

वेळेचं गणितही आहे. सीसी११०१ मध्ये निरोपाच्या सुरुवातीची खूण पटली की आकडा गोठतो, हे चांगलंच आहे. पण काही चिपमध्ये तो क्षणोक्षणी बदलत राहतो. निरोप पूर्ण वाचून झाल्यावर सावकाश आकडा मागितला, तर तोवर हवेत निरोप उरलेलाच नसतो. हाती येतो तो रिकाम्या हवेचा गोंगाट. मला वाटतं, 'आमचा संकेत अचानक पडतो' अशा तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच मिटतील.

स्फटिकाचाही वाटा आहे. २० पीपीएम अचूकतेचा स्फटिक ८६६ मेगाहर्ट्झवर १७ किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकतो. दोन्ही टोकांचे विरुद्ध दिशेने सरकले तर ३४. गाळणी अरुंद असेल तर संकेताचा एक काठ बाहेर पडतो आणि ताकद कमी भरते. आणि तापमान. कार्लो अल्बेर्तो बोआनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास उघड्यावरच्या बिनतारी जाळ्यांवर बराच काळ काम करून दाखवलं की उष्णता वाढली की पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही चिपची कामगिरी उतरते आणि ताकदीचा आकडा काही डेसिबलने खाली येतो. त्यांचं काम मुख्यतः वेगळ्या पट्ट्यातल्या चिपवर होतं, पण अर्धवाहकाचा स्वभाव पट्टा बघून बदलत नाही. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, आणि बंद प्लास्टिकच्या डब्यात उन्हात ठेवलेल्या पाटीचं तापमान त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आपल्या उदाहरणात एप्रिलचा उणे ९१ हा आकडाच उन्हाने खाली ओढलेला असू शकतो आणि पिकाचा खरा अडथळा सहापेक्षा जास्त असू शकतो. निष्कर्षाची दिशा बरोबर, आकार चुकीचा.

एक अडथळा खास आपल्या देशाचा आहे. मोकळ्या पट्ट्याच्या अगदी शेजारी, ८६९ मेगाहर्ट्झपासून वर, मोबाईल टॉवरचं खाली येणारं ८५० मेगाहर्ट्झ पट्ट्याचं प्रसारण सुरू होतं. टॉवरजवळ नोड ठेवला की तो बलाढ्य शेजारी चिपच्या पहिल्या प्रवर्धकालाच दाबून टाकतो. चिप आपलं प्रवर्धन कमी करते आणि आपला संकेत दुबळा भासतो. परदेशी पुस्तकातल्या मांडणीला इथे चांगली गाळणी जोडावीच लागते, आणि त्या गाळणीत जाणारे दोन-तीन डेसिबल हिशोबात धरावे लागतात. आकडा हा चिपच्या पायाशी काय पोहोचलं त्याचा असतो. अँटेना, तार, गाळणी यांत काय हरवलं, ते चिपला ठाऊक नसतं.

मग खरं माप कसं आणायचं? पद्धत जुनी आणि स्पष्ट आहे. ज्ञात ताकदीचा संकेत देणारा सिग्नल जनरेटर घ्यायचा, अँटेना काढून तारेने चिपला जोडायचा, उणे १२० पासून उणे २० पर्यंत पाच-पाच डेसिबलने चढत जायचं आणि प्रत्येक पायरीवर चिप काय म्हणते ते लिहायचं. रेषा सरळ आली तर उतार आणि सरक (सगळे आकडे किती डेसिबलने सरकलेत ते), हे दोन आकडे त्या चिपच्या स्मृतीत ठेवायचे. मधेच उडी दिसली तर तिथे चिप आपलं प्रवर्धन बदलते, हे ओळखायचं. गरज पडली तर प्रवर्धन एका पायरीवर गोठवून पुन्हा मोजायचं. मग हेच थंड आणि तापलेल्या चिपवर.

इथे एक विचारायलाच हवं: जनरेटर उणे ९७ म्हणतो, ते तरी कोणी तोललं? थेट कोणीच नाही. शक्तीचे प्रमाणित मापक संकेताची उष्णता करून ती मोजतात, आणि त्यांना मिलिवॅटच्या आसपासचे, फार तर मायक्रोवॅटचे संकेत लागतात. पिकोवॅटची उष्णता त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून मिलिवॅट नीट तोलायचा आणि त्यापुढे एकेक क्षीणक, म्हणजे संकेत ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग, जोडत खाली उतरायचं. प्रत्येक क्षीणक आधी स्वतंत्र मोजलेला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या मानकापासून मुंबईतल्या समीरसारख्या संस्थांच्या चाचणीगृहांपर्यंत आणि तिथून एखाद्या कारखान्याच्या बाकापर्यंत येणारी ही साखळी आहे. साखळी तुटली तर आकडा राहतो, अर्थ जातो.

सावंगी-वर्ध्यासारख्या ठिकाणी प्रत्येक विभागाकडे असा जनरेटर असेलच असं नाही. पण हात बांधून बसण्याचं कारण नाही. दुसरी तशीच चिप प्रेषक करा, मध्ये चांगले क्षीणक लावा. क्षीणकांच्या पायऱ्या विश्वासू असतात. निरपेक्ष ताकद नाही कळली तरी उतार कळतो आणि दोन नोडमधला फरक कळतो. काळजी एकाच गोष्टीची: २५ मिलिवॅट सोडणारा प्रेषक शेजारी असताना संकेत तारेतून येण्याऐवजी हवेतूनच झिरपतो, आणि क्षीणक कितीही लावा, आकडा हलत नाही. म्हणून प्रेषक त्याच्या बॅटरीसकट पत्र्याच्या घट्ट डब्यात बंद करावा. बिस्किटांचा डबा चालतो, झाकणाची कड मात्र घासून चकचकीत करावी.

या साऱ्या विषयातलं मला सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे टायनीएसए. डच अभियंता एरिक काशुक यांनी तयार केलेला, खिशात मावणारा हा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर २०२० मध्ये आला. तो उघडून पाहा: आत सिलिकॉन लॅब्जच्या एसआय४४३२ जातीच्या दोन रेडिओ-चिप आहेत, १ गिगाहर्ट्झखालच्या, साध्या, दाराच्या रिमोटमध्ये शोभतील अशा. एक स्थानिक लहर तयार करते, दुसरी ४३४ मेगाहर्ट्झच्या आसपास बसून ऐकते. पडद्यावरचा आलेख म्हणजे त्या ऐकणाऱ्या चिपचा आरएसएसआय. मग तो विश्वासार्ह का ठरला? कारण त्याच डब्यात ३० मेगाहर्ट्झवर उणे २५ डीबीएमचा ज्ञात संकेत आहे, आणि वापरणाऱ्याने तारेने तो स्वतःलाच दाखवून यंत्र जुळवायचं असतं. त्याच चिपला एक ओळखीचं वजन मिळालं आणि ती मापन-उपकरण झाली. ३५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या मुख्य दारावर दोन डेसिबलच्या आत माप देण्याचा टायनीएसएचा दावा आहे. जे दार थेट चिपकडे जातं, ८६५ मेगाहर्ट्झ ज्यात येतं, तिथे अचूकता कमी आहे, हेही त्याचे कर्ते स्वतः सांगतात. मला हा प्रामाणिकपणा यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

आणि हेच तत्त्व त्याच्या सर्वोच्च रूपात पाहायचं असेल तर महाराष्ट्र सोडून जावं लागत नाही. जुन्नर तालुक्यातलं खोडद. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिचे बहुतेक पट्टे १ गिगाहर्ट्झच्या खालचेच: १५० मेगाहर्ट्झच्या आसपासपासून सुरू होतात. तिथे मोजायची गोष्ट जान्स्की या एककात मोजतात, आणि एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, दशांश चिन्हानंतर पंचवीस शून्यांनी येणारा वॅटचा भाग. इतकं सूक्ष्म मोजणारा ग्राहक स्थिर असतो का? नसतो. त्याचंही प्रवर्धन दिवसभरात सरकतं, त्यालाही उन्हाळा लागतो. फरक इतकाच की खोडदचा खगोलशास्त्रज्ञ आपल्या यंत्राचा शब्द प्रमाण मानत नाही. निरीक्षणाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, बहुधा दोन्ही वेळा, तबकड्या ३सी४८, ३सी१४७ किंवा ३सी२८६ या आकाशातल्या रेडिओ-स्रोतांकडे वळवल्या जातात. त्यांची तेजस्विता अनेक दशकांच्या जगभरच्या मापनांतून ठरलेली आहे. यंत्र त्यांना आज किती म्हणतं, त्यावरून आजचं यंत्र काय म्हणतंय याचा अर्थ लावला जातो. वावरातल्या नोडसाठी या पद्धतीची नक्कल करायला काहीही अडचण नाही. त्याकडे शेवटी येतो.

चिप अचूक झाली तरी हवा उरतेच. मोकळ्या अवकाशात ८६६ मेगाहर्ट्झचा संकेत एका किलोमीटरमध्ये ९१ डेसिबल गमावतो. २५ मिलिवॅट म्हणजे १४ डीबीएम सोडले तर उणे ७७ मिळायला हवेत. उणे ९७ आले तर वीस डेसिबल जमीन, पीक आणि भिंतींनी खाल्ले, असा हिशोब मांडता येतो, पण अँटेना एका जागी धरून नव्हे. जमिनीवरून, इमारतीवरून, टाकीवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि १७ सेंटिमीटर, अर्धी लहर, सरकलं तरी आकडा वीस डेसिबलने उठतो-पडतो. मोबाईल जाळ्यांच्या पायाभूत अभ्यासात विल्यम ली यांनी सांगितलेली शिस्त अजून चांगली आहे: चाळीस लहरींचं अंतर चालावं आणि ३६ ते ५० मापं घेऊन सरासरी काढावी. आपल्या पट्ट्यात ते अंतर १४ मीटर भरतं, म्हणजे एका धुऱ्याचा तुकडा. सरासरीही मिलिवॅटमध्ये काढायची, डेसिबलमध्ये नाही. उणे ८० आणि उणे १०० यांची डेसिबलमधली सरासरी उणे ९० येते. शक्तीची खरी सरासरी उणे ८३ आहे.

या विषयावर विद्वानांतही वाद झाला. सुरुवातीच्या नोडवर काम करणाऱ्यांनी ताकदीचा आकडा जोडणीचा भरवसा सांगायला निरुपयोगी ठरवला होता. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या कन्नन श्रीनिवासन आणि फिलिप लेव्हिस यांनी त्याची बाजू घेतली: नव्या चिपवर, आकडा उणे ८७ च्या वर असेल तर बहुतेक निरोप पोहोचतात, म्हणजे दोष जुन्या चिपचा होता, मापाचा नव्हता. माझ्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि श्रीनिवासन-लेव्हिस अधिक. एकाच चिपचा आकडा त्याच चिपच्या निरोप-गळतीशी ताडून पाहायचा असेल तर सरकेची चूक दोन्हीकडे सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. लसींच्या फ्रिजचा नोड रात्रभर बोलता राहील का, एवढंच कळायला हवं असेल तर प्रमाणीकरण नसलं तरी चालेल; वीस डेसिबलचं राखीव अंतर मात्र हवं.

वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात तर तुलनाच पुरते. वाघाच्या रेडिओ-कॉलरचा १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा ठोका हातातल्या यागी अँटेनाने ऐकत वनकर्मचारी माग काढतात. कुठल्या दिशेला आवाज मोठा, एवढ्यावर वाघ सापडतो. किती डीबीएम, हे कोणी विचारत नाही. पण ठोका बंद झाला की मात्र काही सांगता येत नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जय वाघाची कॉलर एप्रिल २०१६ मध्ये गप्प झाली आणि तो पुन्हा दिसला नाही. शून्य संकेताला कारणं अनेक असतात, आणि ती आकड्यात नसतात.

याच्या उलट टोकाला अंतर ओळखण्याचे दावे आहेत. ताकदीवरून रुग्ण किंवा उपकरण इमारतीत कुठे आहे ते अचूक सांगू, असं म्हणणाऱ्यांपासून रुग्णालयांनी सावध राहावं. मोकळ्या हवेतही सहा डेसिबलची चूक अंतर दुप्पट दाखवते. कॉरिडॉर, लोखंडी खाटा आणि शिशाच्या भिंतींत सहा डेसिबल माणूस वळला तरी बदलतात. आधी इमारतीचा नकाशा मोजून ठेवला तर खोली ओळखता येईल. मीटर मोजता येणार नाहीत.

आता वावरात परत जाऊ. जिल्ह्यातल्या आणि विदर्भातल्या प्रकल्प-मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. गेटवेच्या डब्यातच एक छोटा प्रेषक पक्क्या क्षीणकातून जोडून ठेवा. तो आपला ३सी२८६. रोज पहाटे आणि दुपारी तो किती दाखवतो ते टिपा आणि त्यात पडलेला फरक बाकीच्या मापांतून वजा करा. लावण्याआधी प्रत्येक नोडची एकमेकांशी तुलना करा, आणि एक नोड कधीच शेतात न नेता कपाटात ठेवा. अहवालात उणे ९७ लिहाल तेव्हा त्याच्या शेजारी चिपचं नाव आणि दार, सूत्रातला वजा केलेला आकडा, वाचनाची वेळ, किती मापांची कशी सरासरी, पाटीचं तापमान आणि शेवटची जुळवणी कोणत्या तारखेला कशाशी केली, हे लिहा. जुळवणी केली नसेल तर तसं लिहा. त्यात कमीपणा नाही. पुढच्या वर्षी त्याच धुऱ्यावर येणाऱ्या विद्यार्थ्याला मग तुमच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहता येईल.